वॉशिंग्टन आडनावाचा माग: प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

कामाची हद्द आखली. आडनाव एकच, वॉशिंग्टन. काळ 1183 ते 1870. मुलूख: ईशान्य इंग्लंडातला डरहॅम, तिथून वेस्टमोरलंड आणि लँकशायर, मग नॉर्थँप्टनशायर, हर्टफर्डशायर, एसेक्स, समुद्रापलीकडे व्हर्जिनिया आणि शेवटी सिएरा लिओन. शोध आडनावाचा आहे, एका राष्ट्राध्यक्षाच्या वंशावळीचा नाही. वंशावळ त्यातला एक पदर.

तक्त्याचे रकाने आठ: दस्त आणि पान, तारीख मुळात जशी लिहिली तशी, तारीख आजच्या हिशेबाने, आडनाव अक्षरशः, पहिलं नाव अक्षरशः, गाव, दस्तात लिहिलेलं नातं, वाचणाऱ्याची खूण. चौथ्या आणि पाचव्या रकान्यात स्पेलिंग सुधारायचं नाही, चूक उघड दिसत असली तरी. एकदा सगळीकडे आजचं स्पेलिंग घातलं की कोणता लेखनिक कसं लिहीत होता हा पुरावाच पुसला जातो, आणि तो परत मिळवायला सगळे दस्त पुन्हा वाचावे लागतात.

नियम एकच, पण तो कडक: नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरायचं नाही. बाप-लेक, भाऊ-बहीण अशी जोडणी तेव्हाच करायची जेव्हा ते नातं दस्तात शब्दांनी लिहिलेलं असेल.

11 जानेवारी

गावापासून सुरुवात. आडनाव ज्या वॉशिंग्टनवरून आलं ते गाव आज संडरलंड शहराच्या हद्दीत आहे, जुन्या डरहॅम परगण्यात. नावाचा अर्थ 'ह्वेसा नावाच्या माणसाची वस्ती'. शेवटचं 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं वाडी-वस्तीसाठीचं 'तून'. धुण्याशी किंवा धोब्याशी याचा काडीचा संबंध नाही, तरी अनेक हौशी वंशावळींत तो अर्थ लिहिलेला सापडतो.

दुसरं वॉशिंग्टन दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये आहे आणि ते 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडभरच्या जमीन-पाहणीत, नोंदलेलं आहे. तिथला मूळपुरुष वेगळा, गावाच्या नावाची घडणही वेगळी. आज मात्र दोन्ही नावं अक्षरन् अक्षर सारखी दिसतात. ससेक्समधली जुनी नोंद डरहॅमच्या झाडाला चिकटवणं ही या आडनावातली सगळ्यात सोपी चूक. म्हणून गावाच्या रकान्यात नुसतं 'वॉशिंग्टन' चालणार नाही, परगणा लिहायचाच.

मराठी वाचकाला हा प्रकार चटकन उमजेल, कारण आपली '-कर' लावलेली आडनावं याच जातीची. गाव सोडून गेलेल्या माणसाला नव्या जागी जुन्या गावाचं नाव चिकटतं. पण इंग्लंडात दुसरीही तऱ्हा आहे: माणूस गावात येऊन तिथला जमीनदार होतो आणि त्याच गावाचं नाव घेतो. वॉशिंग्टन या दुसऱ्या तऱ्हेतलं आहे.

14 जानेवारी

बोल्डन बुक, 1183. डरहॅमचे बिशप ह्यू द प्युझे यांनी आपल्या जमिनींची आणि येण्याची करवलेली पाहणी. त्यात विल्यम द हर्टबर्न याच्याकडे वेसिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून. स्टॉक्टनजवळचं हर्टबर्न गाव बिशपला देऊन त्याने हे बदली घेतलं. वार्षिक देणं 4 पौंड, शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीला 4 शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं.

आडनाव बदलताना पकडता येणं फार दुर्मिळ असतं. इथे ते डोळ्यांसमोर घडतं. नोंदीत माणूस अजून 'हर्टबर्नचा' आहे, आणि पुढची पिढी 'द वेसिंग्टन' म्हणून येते. हर्टबर्नच्या नोंदी वगळून फक्त वॉशिंग्टन शोधत बसलो असतो, तर मुळाशी पोचलोच नसतो.

सावधगिरी: बोल्डन बुकाची मूळ प्रत उरलेली नाही, नंतरच्या चार नकला आहेत. त्यामुळे 1183 चं म्हणून जे स्पेलिंग आपण टिपतो ते नकलाकाराचंही असू शकतं. तक्त्यात 'नक्कल' अशी खूण केली.

20 जानेवारी

स्पेलिंगांची जंत्री. मधला स्वर कधी 'अ', कधी 'ए'. 'एस' एकेरी, दुहेरी, 'एच'सह आणि 'एच'शिवाय. 'आय'च्या जागी 'वाय'. उत्तरेकडच्या जुन्या लेखनात 'डब्ल्यू-एच'चा उच्चार 'क्यू-यू'ने लिहायची रीत होती, म्हणून 'क्यू'खालीही शोध घ्यायचा.

साउंडेक्स म्हणजे उच्चारावरून आडनावाला संकेतांक देण्याची पद्धत. या आडनावाचा संकेतांक डब्ल्यू-252. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर आणि 'एच' गाळायचे, 'एस'ला 2, 'एन'ला 5, 'जी'ला 2. तीन आकडे झाले की थांबायचं. वेसिंग्टन, वॉसिंग्टन, वॉश्शिंग्टन सगळे याच खात्यात पडतात, ही सोय. अडचण अशी की पहिलं अक्षर चुकलं तर नोंद दुसऱ्याच खात्यात जाते. 'क्यू'ने सुरू होणारं नाव क्यू-252 होतं आणि साउंडेक्सवर विसंबणाऱ्याला कधी दिसत नाही. म्हणून दोनदा शोधायचं: एकदा संकेतांकाने, एकदा शब्दाच्या मधल्या तुकड्यावर तारांकन (कुठल्याही अक्षरांच्या जागी चालणारी खूण) लावून.

22 जानेवारी

लेखणीचं वळण. सोळाव्या-सतराव्या शतकातले बहुतेक इंग्रजी दस्त 'सेक्रेटरी' वळणात आहेत. आपल्याकडे मोडी शिकल्याशिवाय पेशव्यांचं दप्तर उघडत नाही, तसं इथे हे वळण बसल्याशिवाय एक ओळ सरकत नाही. या आडनावात तीन ठिकाणी घसरायला होतं. लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो. 'आय' आणि 'एन' यांच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळतात, आणि 'इन'च्या तीन रेघा 'एम'सारख्या वाचल्या जातात. स्वरावर आडवी रेघ ओढून पुढचा 'एन' गाळलेला असतो. ती रेघ सुटली की नाव एका अक्षराने छोटं होतं आणि अनुक्रमणिकेत भलतीकडे जाऊन बसतं. छापील अनुक्रमणिका हा फक्त पत्ता, पुरावा मूळ पानाची प्रतिमा. हे प्रत्येक नोंदीला लागू.

3 फेब्रुवारी

डरहॅममधली मुख्य शाखा चौदाव्या शतकाच्या शेवटी पुरुषवंशात खुंटली. गाव मुलीच्या लग्नातून टेंपेस्ट घराण्याकडे गेलं. नाव मात्र पुढे चाललं, कारण एक शाखा आधीच पश्चिमेला वेस्टमोरलंडमध्ये आणि तिथून लँकशायरच्या वॉर्टनला गेली होती. जॉन वेसिंग्टन 1416 ते 1446 या काळात डरहॅमच्या मठाचा प्रायर, म्हणजे मठप्रमुख, होता. तो संन्यस्त, त्यामुळे त्याच्यापासून वंश नाही.

कुलचिन्ह: पांढऱ्या ढालीवर दोन लाल आडव्या पट्ट्या, त्यांच्या वर तीन लाल तारे. वॉर्टनच्या चर्चच्या मनोऱ्यावर दगडात आहे, यॉर्कशायरच्या सेल्बी मठात काचेत आहे, आणि 1938 पासून अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर आहे. कुलचिन्ह शाखा ओळखायला मदत करतं. नातं सिद्ध करत नाही, तसा दावा करणाऱ्या नोंदी बाजूला ठेवल्या.

9 फेब्रुवारी

लॉरेन्सचा घोळ. या घराण्यात हे नाव इतक्या वेळा येतं की क्रमांक दिल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. आजपासून हेच क्रमांक वापरायचे.

लॉ-1: वॉर्टनचा, आई किट्सन घराण्यातली. लोकरीच्या व्यापारात शिरून नॉर्थँप्टनला आला, 1532 आणि 1545 मध्ये महापौर. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर सेंट अँड्र्यूज मठाची सल्ग्रेव्हची जमीन 1539 मध्ये 324 पौंड 14 शिलिंग 10 पेन्सला घेतली. मृत्यू 1584.
लॉ-2: लॉ-1 चा नातू, मधली पिढी रॉबर्ट. मृत्यू 1616, पुरलं ग्रेट ब्रिंग्टनच्या चर्चमध्ये.
लॉ-3: लॉ-2 चा मुलगा, पाद्री, एसेक्समधल्या पर्लीचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य पाद्री.
लॉ-4: लॉ-3 चा मुलगा. व्हर्जिनियाला गेलेल्या जॉनचा भाऊ, तोही तिकडे गेला.
लॉ-5: जॉनचा मुलगा, जन्म व्हर्जिनियात 1659, मृत्यू 1698. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनचा आजोबा.
लॉ-6: जॉर्जचा सावत्र भाऊ. घराण्याच्या मळ्याला माउंट व्हर्नन हे नाव देणारा.

नॉर्थँप्टनला जाणारा लोकरीचा रस्ता लक्षात घेतला की वॉर्टन ते नॉर्थँप्टन ही उडी विचित्र वाटत नाही. लॉ-1 चे मामाकडचे लोक कापड आणि लोकरीतले बडे व्यापारी होते. आडनावाची वाट बहुधा अशी धंद्याच्या आणि सोयरिकीच्या पायवाटेने जाते. नकाशावर नुसती सरळ रेघ ओढली तर ती पायवाट दिसत नाही.

17 फेब्रुवारी

तारखा. 1751 पर्यंत इंग्लंडात सरकारी आणि चर्चचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या 24 दिवसांची नोंद आधीच्या वर्षात पडलेली असते. लॉ-3 चं दफन मॉल्डनच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये जानेवारी 1652 ला झालं असं नोंदवही सांगते. आजच्या हिशेबाने ते 1653. तक्त्यात 1652/53 लिहायचं, दोन्ही आकडे, मध्ये तिरकी रेघ.

1752 मध्ये कॅलेंडर बदललं आणि 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला. जॉर्जचा जन्म जुन्या पद्धतीने 11 फेब्रुवारी 1731, नव्या पद्धतीने 22 फेब्रुवारी 1732. दिवसही बदलला आणि वर्षही. आमचा नियम: वर्ष दुहेरी लिहायचं, दिवस मूळचा ठेवायचा. दिवस बदलून टाकला की मूळ वहीत ती नोंद पुन्हा सापडत नाही.

26 फेब्रुवारी

पर्ली ते ट्रिंग. लॉ-3 ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो, म्हणजे कॉलेजचा नेमलेला सदस्य, होता. फेलोला लग्न करता येत नसे, त्यामुळे लग्न म्हणजे फेलोपद सोडून चर्चची नेमणूक घेणं. पर्लीची नेमणूक 1632/33 ची. यादवी युद्धात, 1643 मध्ये, संसदेच्या बाजूने त्याला काढलं. आरोप दारूच्या गुत्त्यांत वेळ घालवण्याचा. नंतर लिटल ब्रॅक्स्टेड या गरीब चर्चवर काढलेले दिवस. बायको अ‍ॅम्फिलिस मुलांसह हर्टफर्डशायरमध्ये ट्रिंगला, माहेरच्या आसऱ्याने.

म्हणजे बाप एका परगण्यात आणि मुलांचे बाप्तिस्मे दुसऱ्या परगण्यात. पर्लीच्या नोंदवहीत मुलं शोधणारा रिकाम्या हाताने परततो. ट्रिंगच्या वहीत 1635 मध्ये लॉ-4 चा बाप्तिस्मा आहे, आणि लेखनिकाने 'लॉरेन्स' हे नाव कानाला लागलं तसं, 'लेयरँक' असं काहीसं लिहिलं आहे. पहिल्या नावालाही तारांकन लावून शोधायचं ते यासाठी.

1643 ते 1660 या काळात बहुतेक गावांच्या वह्यांत भगदाडं आहेत: पाद्री हाकलले गेले, वह्या लपवल्या गेल्या किंवा कोऱ्याच राहिल्या. त्या काळासाठी मृत्युपत्रं वाचायची. एक सोय अशी की 1653 ते 1660 मध्ये सगळ्या इंग्लंडची मृत्युपत्रं आणि वारस-दाखले लंडनच्या एकाच न्यायालयात नोंदले जात. एरवी ट्रिंगच्या विधवेची मिळकत स्थानिक चर्च-न्यायालयात शोधावी लागली असती. इथे ती लंडनच्या खंडांत मिळते: फेब्रुवारी 1655/56, अ‍ॅम्फिलिसच्या मालमत्तेचा कारभार थोरला मुलगा जॉन याच्याकडे.

5 मार्च

एका प्रसिद्ध चुकीचा माग. 1791 मध्ये इंग्लंडचे मुख्य कुलचिन्ह-अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी जॉर्ज वॉशिंग्टनची वंशावळ लावायला घेतली. व्हर्जिनियाला गेलेले भाऊ जॉन आणि लॉरेन्स. सल्ग्रेव्हच्या घराण्यात, लॉ-2 च्या मुलांत, जॉन आणि लॉरेन्स हे भाऊ मिळाले. नावं जुळली, क्रम जुळला, गाठ मारली. जॉर्जने स्वतः 1792 च्या पत्रात एवढंच कळवलं होतं की आपले पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेतल्या कुठल्याशा परगण्यातून 1657 च्या सुमारास आले.

1866 मध्ये जोसेफ चेस्टर यांनी ती गाठ सोडवली, पद्धत अगदी साधी. सल्ग्रेव्हचा तो जॉन 'सर' होता आणि लॉरेन्स धर्मगुरू होता. व्हर्जिनियाच्या दस्तांत जॉनला कुठेही 'सर' म्हटलेलं नाही आणि त्याचा भाऊ पाद्री नाही. त्या काळचा लेखनिक पदवी गाळत नसे. पदव्या आणि पेशे हे नातं खोडून काढण्याचं सगळ्यात खात्रीचं साधन. म्हणून आज तक्त्यात नववा रकाना वाढवला: पदवी किंवा पेशा.

8 मार्च

गाठ पुन्हा कशी बांधली गेली ते. हेन्री वॉटर्स यांनी 1889 मध्ये दाखवलं की व्हर्जिनियाला गेलेले भाऊ हे त्या पाद्री लॉरेन्सचे, म्हणजे आमच्या लॉ-3 चे, मुलगे. हर्ड एका पिढीने चुकले होते, घराणं बरोबर होतं.

कड्या दोन्ही किनाऱ्यांवर आहेत. इंग्लंडात ट्रिंगच्या अँड्र्यू नोलिंगचं मृत्युपत्र: लॉरेन्स वॉशिंग्टन हा धर्मपुत्र, त्याची आई अ‍ॅम्फिलिस, तिची इतर मुलं जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. व्हर्जिनियात जॉनचं 1675 चं मृत्युपत्र: भाऊ लॉरेन्स, आणि बहीण मार्था वॉशिंग्टन हिला 10 पौंड, 4000 पौंड वजनाची तंबाखू, शिवाय तिच्या जहाजप्रवासाचा आणि आल्यावर एक वर्षाच्या राहण्या-जेवण्याचा जो खर्च तिच्याकडे येणं आहे तो माफ. तंबाखू इथे चलन आहे, माल म्हणून वाचू नये. जॉन आणि लॉरेन्स ही जोडी कुठेही सापडते. जॉन, लॉरेन्स आणि मार्था हे त्रिकूट, त्यासोबत आईचं अ‍ॅम्फिलिससारखं विरळ नाव, हे जुळणं वजनदार. गाठ बांधायला घराण्यातल्या बहिणी कामी येतात. ज्या वंशावळी मुली गाळतात त्या स्वतःचाच पुरावा फेकतात.

नोलिंगच्या मृत्युपत्रात एक शब्द नीट बघायचा. नोलिंग अ‍ॅम्फिलिसला 'डॉटर-इन-लॉ' म्हणतो. आजच्या अर्थाने ती सून होते, आणि मग नोलिंग लॉ-3 चा बाप ठरून सगळं झाड कोलमडतं. सतराव्या शतकात हा शब्द सावत्र मुलीलाही लावत. नोलिंग तिच्या आईचा दुसरा नवरा. नातं दाखवणारे जुने शब्द तक्त्यात इंग्रजी उच्चारातच ठेवायचे, अर्थ वेगळ्या ओळीत.

15 मार्च

समुद्र ओलांडला. जॉन तंबाखूच्या व्यापारातल्या एडवर्ड प्रेस्कॉटच्या 'सी हॉर्स ऑफ लंडन' या जहाजावर अधिकारी होता. जहाज 1656/57 च्या हिवाळ्यात पोटोमॅक नदीत रुतलं. जॉन तिथेच राहिला, नॅथॅनिएल पोप यांच्या मुलीशी, अ‍ॅनशी, लग्न केलं.

लॉ-5 च्या जन्मवर्षाचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात मिळतो. प्रेस्कॉटच्या जहाजावर एका बाईला चेटकीण ठरवून फाशी दिलं होतं. जॉनने तक्रार केली, पण मेरीलँडच्या सुनावणीला येता येणार नाही असं सप्टेंबर 1659 मध्ये कळवलं. कारण लिहिलं ते असं की मुलाचा बाप्तिस्मा आहे, माणसांना बोलावणं गेलं आहे. चर्चची वही नसली तरी बारशाची तारीख भलत्याच खटल्यात सापडू शकते. म्हणून वसाहतींच्या न्यायालयीन दप्तराची पानं नावाच्या यादीवरून न निवडता सलग वाचायची.

गावावरून माणसाला मिळालेलं नाव इथे पुन्हा जमिनीला लागलं: व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन पॅरिशला जॉनचं नाव मिळालं, 1791 मध्ये राजधानीला जॉर्जचं. यानंतरच्या शोधयंत्रांत गाव, माणूस आणि शहर एकत्र येतात. 'जन्मस्थळ' रकान्यात हे नाव आलं की ते आडनाव नाही, हे दर वेळी तपासायचं.

28 मार्च

वाय गुणसूत्र. ते बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच, म्हणून एकाच मूळपुरुषापासून आलेलं आडनाव त्यात दिसायला हवं. ब्रायन साइक्स यांनी 2000 मध्ये स्वतःच्या आडनावाचे 48 पुरुष तपासले, जवळजवळ निम्म्यांचा नमुना एकच निघाला. उरलेल्या निम्म्यांना 'परके' म्हणायची घाई होते. दत्तक, आईचं आडनाव, सावत्र बापाचं आडनाव, मिळकतीसाठी बदललेलं आडनाव, सगळं त्यात येतं.

जॉर्जला मूल नव्हतं, तेव्हा तुलना भावांच्या वंशजांशीच होऊ शकते. चाचणी घ्यायची तर किमान 37 खुणांची, म्हणजे गुणसूत्रावरच्या 37 जागा तपासणारी. 12 खुणांवर अनोळखी माणसंही जुळतात. आणि ही चाचणी दस्ताला आधार देते, दस्ताची जागा घेत नाही.

6 एप्रिल

या कामाचा सगळ्यात मोठा भाग आजपासून, आणि इथेच आधीची हत्यारं बोथट होतात. अमेरिकेच्या 2000 च्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे 1,63,036 लोक होते, त्यांतले सुमारे 90 टक्के कृष्णवर्णीय. म्हणजे आज हे आडनाव धरणारी बहुतेक माणसं विल्यम द हर्टबर्नच्या रेषेत नाहीत. हे प्रकल्पाच्या शेवटी जोडायचं परिशिष्ट नाही. आडनावाचा इतिहास लिहायचा तर तो मुख्यतः या लोकांचा आहे.

अडथळा दस्तांचा. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, माणसांचं फक्त वय, लिंग आणि रंग. सगळ्या कृष्णवर्णीयांची नावं पहिल्यांदा 1870 मध्ये येतात. पायऱ्या अशा:

1870 च्या यादीतलं कुटुंब पूर्ण उतरायचं, मागची-पुढची निदान दहा घरंही, कारण नातलग शेजारी राहत. मग मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेचे 1865 ते 1874 चे खातेअर्ज: सुरुवातीच्या अर्जांत जुना मालक, मळा, आईबाप, भावंडं असे प्रश्न होते. मग त्या मालकाच्या मृत्यूनंतरची मालमत्ता-यादी, जिथे गुलामांची पहिली नावं किमतीसह असतात. तिथे वय आणि आई-मुलांचा क्रम जुळवायचा.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: आडनाव वॉशिंग्टन, म्हणून मालक वॉशिंग्टन असणार, असं धरणं. माउंट व्हर्ननवर 1799 मध्ये 317 गुलाम होते. त्यातले 123 जॉर्जच्या मालकीचे, मृत्युपत्राने मुक्त झालेले, आणि त्यांपैकी फार थोड्यांनी हे आडनाव घेतलं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ते शाळेच्या हजेरीत स्वतः घेतलं, आणि त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. ही शाळा वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉल्डनची. एसेक्समधल्या मॉल्डनशी, जिथे लॉ-3 पुरलेला आहे, गल्लत होऊ नये म्हणून दोन्हींपुढे राज्य आणि परगणा लिहिला.

19 एप्रिल

हॅरी वॉशिंग्टन. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर न्यूयॉर्क सोडणाऱ्या सुमारे 3000 कृष्णवर्णीयांची 1783 ची ब्रिटिश नोंदवही. जुलैमध्ये निघालेल्या 'लॅबोंडान्स' जहाजाच्या पानावर: हॅरी वॉशिंग्टन, वय 43, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता, 7 वर्षांपूर्वी निघून गेला. आकडे पडताळले. 1783 वजा 43 म्हणजे 1740 च्या सुमारास जन्म, गँबियाच्या मुलखातला. 1783 वजा 7 म्हणजे 1776, ब्रिटिशांकडे पळून गेल्याचं वर्ष. मळ्याच्या नोंदींत तो नुसता हॅरी आहे, आडनावासह तो पहिल्यांदा निर्वासितांच्या यादीत दिसतो.

पुढची वाट कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधलं बर्चटाउन. जानेवारी 1792 मध्ये हॅलिफॅक्सहून 15 जहाजं आणि जवळपास 1200 माणसं सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला निघाली, त्यात तो होता. 1800 मध्ये जमिनीवरच्या कराविरुद्ध वसाहतवाल्यांनी उठाव केला. हॅरी त्यात पकडला गेला आणि बुलम किनाऱ्यावर हद्दपार झाला. तिथे तो वसाहतवाल्यांचा एक पुढारी झाला.

तक्त्यातली नोंद: आडनाव वॉशिंग्टन. गाव बुलम किनारा, सिएरा लिओन. पदवी किंवा पेशा: पूर्वीचा घोड्यांचा मोतद्दार, नंतर शेतकरी. दस्तात लिहिलेलं नातं: मालकाचं. रक्ताचं: नाही. दोन्ही नकलांची, लंडनमधल्या आणि वॉशिंग्टन शहरातल्या, पानं शेजारी लावून वय आणि वर्षं पुन्हा वाचली, जुळतात. नोंद पक्की केली.